हनुस्तंभावरील शस्त्रक्रिया

हनुस्तंभावरील शस्त्रक्रिया म्हणजे जबड्याच्या स्नायूंच्या विकारांमुळे तोंड उघडण्यावर आलेली कायमची मर्यादा दूर करण्यासाठी केल्या जाणाऱ्या शस्त्रक्रियांचा समूह होय. तोंड पुरेसे न उघडण्याच्या स्थितीला वैद्यकीय परिभाषेत 'हनुस्तंभ' किंवा 'ट्रिस्मस' म्हणतात. बोलीभाषेत त्यासाठी 'दातखीळ बसणे' हा शब्दप्रयोग रूढ आहे. आयुर्वेदीय ग्रंथांत वातव्याधींच्या वर्णनात येणारी 'हनुग्रह' ही संज्ञा याच स्वरूपाच्या लक्षणासाठी वापरलेली आढळते.

हनुस्तंभ हा स्वतंत्र रोग नसून एक लक्षण आहे. बहुसंख्य रुग्णांमध्ये तो तात्पुरता असतो आणि मूळ कारणावर उपचार केल्यावर नाहीसा होतो. मात्र स्नायू, त्याची कंडरा किंवा त्यावरील आच्छादन कायमचे आखूड, तंतुमय अथवा अस्थिमय झाल्यास औषधे आणि व्यायाम अपुरे पडतात व शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो. या शस्त्रक्रियांमध्ये कोरोनॉइड प्रवर्ध काढणे, टेम्पोरॅलिस स्नायूची कंडरा सोडवणे, मॅसेटर स्नायूवरील जाड झालेले पटल काढणे, गालातील तंतुमय पट्टे छेदणे आणि स्नायूत तयार झालेले हाड काढणे यांचा समावेश होतो. शस्त्रक्रियेच्या मेजावर तोंड उघडता आले तरी ते तसेच राहणे हे मुख्यतः नंतरच्या अनेक महिन्यांच्या नियमित व्यायामावर अवलंबून असते.

सामान्य मर्यादा आणि मापन

तोंड किती उघडते हे वरच्या आणि खालच्या पटाशीच्या दातांच्या कडांमधील अंतरावरून मोजतात. निरोगी प्रौढ व्यक्तीत हे अंतर साधारणपणे ३५ ते ५५ मिलिमीटर असते. पुरुषांमध्ये ते स्त्रियांपेक्षा सरासरीने किंचित जास्त आढळते. ३५ मिलिमीटर किंवा त्याहून कमी अंतर हा हनुस्तंभाचा व्यापकपणे वापरला जाणारा निकष आहे. मोजपट्टी उपलब्ध नसल्यास रुग्णाला स्वतःच्या हाताची मधली तीन बोटे एकमेकांवर उभी ठेवून दातांमध्ये घालायला सांगतात. ती सहज गेली तर तोंड पुरेसे उघडते असे मानता येते. बोटांची जाडी व्यक्तीच्या शरीराच्या प्रमाणात असल्यामुळे ही पद्धत ढोबळ असली तरी उपयुक्त ठरते.

मर्यादा वाढत गेल्यास प्रथम मोठा घास घेणे, जांभई देणे आणि फळ चावून खाणे कठीण होते. अंतर २० मिलिमीटरपेक्षा कमी झाल्यास दात घासणे, दाढांवर उपचार करून घेणे आणि डॉक्टरांना तोंडाची आतून तपासणी करणे अवघड होते. याहून गंभीर अवस्थेत रुग्णाला केवळ पातळ पदार्थांवर राहावे लागते. इतर कोणत्याही कारणासाठी संपूर्ण भूल देण्याची वेळ आल्यास श्वासनलिकेत नळी घालणे धोक्याचे ठरते.

शरीररचना

खालचा जबडा कानाच्या पुढे असलेल्या दोन सांध्यांमध्ये हलतो. तोंड उघडताना जबड्याचे टोक सुरुवातीला सांध्यात फिरते आणि त्यानंतर पुढे व खाली सरकते. यातील दुसरी हालचाल झाल्याशिवाय तोंड पूर्ण उघडत नाही.

जबडा मिटण्याचे काम प्रामुख्याने तीन स्नायू करतात :

• मॅसेटर : हा गालाच्या हाडाच्या कमानीपासून खालच्या जबड्याच्या कोनापर्यंत जातो. दात आवळल्यावर गालाच्या मागील भागात हाताला लागणारा कठीण फुगवटा याच स्नायूचा असतो.
• टेम्पोरॅलिस : हा कानशिलावर पंख्यासारखा पसरलेला असतो. त्याचे तंतू खाली एकत्र येऊन बळकट कंडरेच्या रूपाने खालच्या जबड्याच्या कोरोनॉइड प्रवर्धाला आणि तेथून खाली अक्कलदाढेच्या मागील भागापर्यंत जोडलेले असतात.
• मध्य टेरिगॉइड : हा जबड्याच्या आतील बाजूला, घशाच्या भिंतीलगत असतो.

पार्श्व टेरिगॉइड आणि हनुवटीखालील काही स्नायू तोंड उघडण्यास मदत करतात. वरील चारही चर्वणस्नायूंना त्रिशाखी मज्जातंतूच्या अधोहनु शाखेकडून चेतना मिळते.

कोरोनॉइड प्रवर्ध हा खालच्या जबड्याच्या उभ्या भागाच्या पुढील टोकाला असलेला चोचीसारखा अस्थिभाग आहे. तोंड उघडताना तो गालाच्या हाडाच्या कमानीखालून पुढे व खाली सरकतो. त्यामुळे त्याला जोडलेली कंडरा आखूड झाली किंवा तो स्वतः लांब वाढला, तर सांधा पूर्णपणे निरोगी असूनही तोंड उघडत नाही. स्नायुजन्य हनुस्तंभाच्या अनेक शस्त्रक्रिया या छोट्या अस्थिभागाभोवती केंद्रित असण्याचे कारण हेच आहे.

कारणे

तात्पुरती कारणे

अक्कलदाढेभोवतीचा संसर्ग, टॉन्सिलभोवती झालेला गळू, जबड्याला लागलेला मार, दात काढण्यासाठी दिलेल्या भुलेच्या सुईने मध्य टेरिगॉइड स्नायूत झालेला रक्तस्राव आणि स्नायूंचा ताण ही नेहमी आढळणारी कारणे आहेत. धनुर्वातातही जबडा आवळला जाणे हे सुरुवातीच्या लक्षणांपैकी एक असते. या सर्वांत स्नायू आकुंचन पावलेला असतो, आखूड झालेला नसतो. गळूतील पू काढणे, प्रतिजैविके, शेक आणि व्यायाम यांनी, तसेच धनुर्वातात रुग्णालयातील विशिष्ट उपचारांनी तोंड पुन्हा उघडू लागते. अशा अवस्थेत स्नायूवर शस्त्रक्रिया करणे अयोग्य मानले जाते.

कायमस्वरूपी कारणे

• मुखातील सबम्यूकस फायब्रोसिस : सुपारी चघळण्यामुळे तोंडाच्या अस्तराखाली तंतुमय ऊती साचत जाते. वाढलेल्या अवस्थेत गालाचे स्नायू झिजतात आणि टेम्पोरॅलिसची कंडरा आखूड होते.
• किरणोपचारानंतरची तंतुमयता : डोके व मान यांच्या कर्करोगावरील किरणोपचारांचा मारा चर्वणस्नायूंवर झाल्यास ते हळूहळू ताठर होतात. हा परिणाम उपचार संपल्यानंतरही वाढत राहू शकतो.
• आघातजन्य स्नायू-अस्थिभवन : मार लागलेल्या किंवा वारंवार सुई टोचलेल्या स्नायूत हाड तयार होते.
• चर्वणस्नायूंच्या कंडरा व कंडरापटलाची अतिवृद्धी : मुख्यतः जपानमध्ये वर्णन झालेला हा विकार आहे. यात मॅसेटरवरील पटल आणि टेम्पोरॅलिसची कंडरा जाड होते. तोंड उघडण्याची मर्यादा किशोरवयापासून अतिशय संथपणे वाढत असल्याने रुग्णाला ती अनेक वर्षे जाणवतही नाही. चेहऱ्याचा खालचा भाग चौकोनी दिसणे हे त्याचे एक लक्षण आहे.
• व्रणजन्य आखूडपणा : भाजणे, खोल जखम, दीर्घकाळ राहिलेला संसर्ग किंवा कवटीच्या शस्त्रक्रियेत टेम्पोरॅलिस स्नायू कापावा लागणे यांमुळे व्रणऊती तयार होते.

कोरोनॉइड प्रवर्धाची अतिवृद्धी हा मूलतः हाडाचा विकार असला तरी त्याची लक्षणे आणि उपचार स्नायुजन्य हनुस्तंभाशी मिळतेजुळते असल्याने त्याचा विचार येथेच केला जातो.

निदान

शस्त्रक्रियेचे यश अडथळा नेमका कोठे आहे हे ओळखण्यावर अवलंबून असते. सांधा हाडाने जखडला गेला असेल तर जबडा पुढे किंवा बाजूला सरकवता येत नाही. मॅसेटर किंवा टेम्पोरॅलिसमधील अडथळ्यात मात्र तोंड उघडत नसले तरी जबडा पुढे व बाजूला हलवता येतो. विकार एकाच बाजूला असल्यास तोंड उघडताना हनुवटी सहसा त्या बाजूला वळते.

डॉक्टर बोटांनी जबडा हलकेच आणखी उघडून पाहतात. स्नायूच्या आकुंचनात थोडा लवचीकपणा जाणवतो. हाडाच्या अडथळ्यात जबडा एकदम थांबतो. कंडरापटलाच्या अतिवृद्धीत तोंड जास्तीत जास्त उघडले असता मॅसेटरच्या पुढच्या कडेला दोरीसारखा ताठ भाग हाताला लागतो. सबम्यूकस फायब्रोसिसमध्ये गालाच्या आतील बाजूस उभे, ताठ पट्टे जाणवतात आणि अस्तर पांढुरके दिसते.

जबड्याचे संपूर्ण क्ष-किरण चित्र, सीटी स्कॅन आणि एमआरआय यांचा उपयोग अनुक्रमे प्राथमिक पाहणी, हाडाचा आकार आणि स्नायूची स्थिती समजण्यासाठी होतो. कोरोनॉइड प्रवर्ध गालाच्या हाडाला अडतो की नाही हे त्रिमितीय सीटी चित्रात स्पष्ट दिसते.

कारण न सापडलेला आणि वाढत जाणारा हनुस्तंभ हे कर्करोगाचे चिन्ह असू शकते. दाढांमागील भागातील, टॉन्सिलमधील किंवा नाकामागील घशातील गाठ चर्वणस्नायूंमध्ये शिरल्यास तोंड उघडणे कमी होते. म्हणून अशा रुग्णात केवळ व्यायाम सुचवण्याआधी कर्करोग नसल्याची खात्री करणे आवश्यक असते. तंबाखू वा सुपारीचे व्यसन असलेल्या व्यक्तींमध्ये ही दक्षता विशेष महत्त्वाची ठरते.

शस्त्रक्रियेचा निर्णय

सर्वसाधारणपणे पुढील बाबी पाहून शस्त्रक्रियेचा निर्णय घेतला जातो : तोंड उघडण्याचे अंतर, ते कमी होण्याचा वेग, खाणे व तोंडाची स्वच्छता यांवरील परिणाम, व्यायाम व औषधांना मिळालेला प्रतिसाद आणि शस्त्रक्रियेनंतर दीर्घकाळ व्यायाम करण्याची रुग्णाची तयारी.

सबम्यूकस फायब्रोसिससाठी खन्ना आणि आंद्रादे यांनी १९९५ मध्ये १०० रुग्णांच्या अनुभवावरून मांडलेले वर्गीकरण भारतात मोठ्या प्रमाणावर वापरले जाते. त्यानुसार तोंड उघडण्यात मर्यादा नसलेले रुग्ण पहिल्या गटात, २६ ते ३५ मिलिमीटर अंतर असलेले दुसऱ्या गटात आणि १५ ते २५ मिलिमीटर अंतर असलेले तिसऱ्या गटात येतात. १५ मिलिमीटरपेक्षा कमी अंतर असलेले रुग्ण चौथ्या गटात मोडतात; त्यांतील कर्करोगपूर्व किंवा कर्करोगाचे बदल दिसणाऱ्यांचा स्वतंत्र उपगट केला जातो. पहिल्या दोन गटांत व्यसनमुक्ती, औषधे आणि व्यायाम, तर पुढील दोन गटांत शस्त्रक्रिया असे उपचारांचे ढोबळ सूत्र आहे.

शस्त्रक्रिया टाळण्याची स्थिती

फायब्रोडिस्प्लेझिया ओसिफिकन्स प्रोग्रेसिव्हा या अतिशय दुर्मीळ आनुवंशिक विकारात स्नायू आणि कंडरा यांचे क्रमाक्रमाने हाडात रूपांतर होते. एसीव्हीआर१ या जनुकातील बदलामुळे तो होतो, हे २००६ मध्ये स्पष्ट झाले. या रुग्णांत कोणतीही इजा नवीन हाड तयार होण्यास कारणीभूत ठरते. दाताच्या उपचारासाठी जबड्यात खोलवर दिलेल्या इंजेक्शननंतरही जबडा कायमचा बंद होऊ शकतो. त्यामुळे तोंड उघडण्यासाठी शस्त्रक्रिया केल्यास स्थिती सुधारण्याऐवजी बिघडते. जन्मतः पायाचा अंगठा आखूड व वाकडा असणे ही या विकाराची महत्त्वाची खूण असून स्नायू-अस्थिभवनाच्या रुग्णात ती आवर्जून पाहिली जाते.

भूल आणि श्वसनमार्ग

ज्या रुग्णाचे तोंडच उघडत नाही त्याला तोंड उघडण्याच्या शस्त्रक्रियेसाठी भूल देणे हे भूलतज्ज्ञापुढील मोठे आव्हान असते. स्नायू शिथिल करणाऱ्या औषधाने आकुंचनामुळे बंद झालेले तोंड उघडू शकते. परंतु तंतुमय किंवा अस्थिमय अडथळा त्यामुळे दूर होत नाही. म्हणून भूल दिल्यावर तोंड उघडेल असे गृहीत धरले जात नाही. बहुधा रुग्ण जागा असताना नाक व घसा बधिर करून, लवचीक दुर्बिणीच्या साहाय्याने नाकावाटे श्वासनलिकेत नळी घातली जाते. हा मार्ग अशक्य झाल्यास गळ्यातून श्वासनलिकेला छेद देण्याची तयारी ठेवावी लागते.

शस्त्रक्रियेचे प्रकार

कोरोनॉइडेक्टमी आणि कोरोनॉइडोटॉमी

कोरोनॉइडेक्टमी म्हणजे कोरोनॉइड प्रवर्ध काढून टाकणे. तोंडाच्या आतून, खालच्या जबड्याच्या उभ्या भागाच्या पुढच्या कडेवर छेद घेतला जातो. कंडरेचे तंतू हाडापासून सोडवून प्रवर्धाच्या तळाशी हाड कापले जाते. ते पूर्ण सुटण्यापूर्वी चिमट्याने पकडून ठेवावे लागते, अन्यथा टेम्पोरॅलिस स्नायू ते वर खेचून घेतो. हाडाचा छेद फार खाली गेल्यास खालच्या दातांना व ओठाला संवेदना देणाऱ्या मज्जातंतूला इजा होऊ शकते. तोंड अजिबात उघडत नसेल किंवा प्रवर्ध गालाच्या हाडाला जोडला गेला असेल तर बाहेरून, केसांच्या रेषेमागे छेद घेऊन तेथे पोहोचतात.

कोरोनॉइडोटॉमीमध्ये प्रवर्ध केवळ कापून वेगळा केला जातो आणि स्नायूसह तेथेच राहू दिला जातो. ही शस्त्रक्रिया सोपी असली तरी कापलेला भाग पुन्हा हाडाला जुळण्याची शक्यता राहते.

प्रवर्ध काढल्यामुळे टेम्पोरॅलिसची पकड कमी होते. तथापि मॅसेटर आणि मध्य टेरिगॉइड स्नायू कार्यरत असल्यास रुग्णाला दैनंदिन चर्वणात सहसा मोठी अडचण येत नाही.

टेम्पोरॅलिस कंडराछेदन

हाड न काढता किंवा कोरोनॉइडेक्टमीसोबत टेम्पोरॅलिसची आखूड झालेली कंडरा हाडापासून सोडवली जाते. तोंडातील तंतुमय पट्टे कापूनही पुरेसे अंतर मिळाले नाही, तर ही पुढची पायरी असते. विकार बहुधा दोन्ही बाजूंना असल्याने शस्त्रक्रियाही दोन्ही बाजूंना करावी लागते.

मॅसेटरवरील पटल काढणे

कंडरापटलाच्या अतिवृद्धीत मॅसेटरच्या पुढील भागातील जाड पटल तोंडाच्या आतून वेगळे करून काढले जाते आणि त्याला बहुधा कोरोनॉइडेक्टमीची जोड दिली जाते. स्नायूचे मांसल तंतू शक्यतो जपले जातात. या विकारात सूक्ष्मदर्शकाखाली पटलाची ऊती सामान्य कंडरेसारखीच दिसते. दोष तिच्या प्रमाणात असतो.

तंतुमय पट्ट्यांचे छेदन आणि पुनर्रचना

सबम्यूकस फायब्रोसिसमध्ये ओठांच्या कोपऱ्यामागून घशाच्या कमानीपर्यंत, दात मिटतात त्या पातळीवर गालाचे अस्तर आणि त्याखालील तंतुमय पट्टे छेदले जातात. वरच्या दुसऱ्या दाढेसमोर उघडणारी लाळग्रंथीची नलिका जपावी लागते. पट्टे मोकळे झाल्यावर यंत्राने तोंड उघडून अंतर मोजतात. सुमारे ३५ मिलिमीटर अंतर मिळाले नाही तर टेम्पोरॅलिस कंडराछेदन व कोरोनॉइडेक्टमी केली जाते. अक्कलदाढा बहुधा याच वेळी काढल्या जातात.

कापलेली जागा उघडी ठेवल्यास ती आकसून भरते आणि तोंड पुन्हा बंद होऊ लागते. म्हणून ती झाकणे हा शस्त्रक्रियेचा अत्यावश्यक भाग आहे. त्यासाठी पुढील पर्याय वापरले जातात :

• पातळ त्वचारोपण : करण्यास सोपे, परंतु रोपण आकसण्याचे प्रमाण अधिक असते.
• गालातील मेदाचा गोळा : त्याच जखमेतून मिळतो आणि चेहऱ्यावर व्रण राहत नाही. मात्र तो गालाच्या पुढील भागापर्यंत नेहमी पुरत नाही.
• नाकाशेजारील त्वचेचा फ्लॅप : नाक व ओठ यांमधील घडीतील त्वचा तिच्या रक्तपुरवठ्यासह तोंडात वळवली जाते. तिचा रक्तपुरवठा भरवशाचा असतो. चेहऱ्यावर व्रण राहणे आणि पुरुषांमध्ये या त्वचेवरील केस तोंडात वाढणे हे तिचे तोटे आहेत.
• हाताच्या पुढील भागातील मुक्त फ्लॅप : सूक्ष्मदर्शकाखाली रक्तवाहिन्या जोडून बसवला जातो. तो मोठी जागा झाकतो. पण त्यासाठी विशेष कौशल्य, साधने आणि दीर्घ वेळ लागतो.

यांपैकी कोणताही एक पर्याय सर्व रुग्णांसाठी श्रेष्ठ मानला जात नाही. जखमेचा आकार, रुग्णाचे वय, चेहऱ्यावरील व्रणाबाबतचे त्याचे मत आणि उपलब्ध सुविधा पाहून निवड केली जाते.

स्नायूतील हाड काढणे

आघातजन्य स्नायू-अस्थिभवनात तयार झालेले हाड पक्व होईपर्यंत शस्त्रक्रिया बहुधा पुढे ढकलली जाते. हाडाचा भाग काढल्यावर रिकाम्या जागेत मेदऊती भरली जाते, जेणेकरून दोन कापलेल्या कडा पुन्हा हाडाने जोडल्या जाऊ नयेत. तरीही या विकारात पुनरुद्भवाची शक्यता लक्षणीय असते.

किरणोपचारानंतरची शस्त्रक्रिया

किरणोपचार झालेल्या ऊतींचा रक्तपुरवठा कमी झालेला असतो. तेथे हाड उघडे पडल्यास ते मृत होण्याचा धोका असतो आणि जखमा उशिरा भरतात. म्हणून या रुग्णांत व्यायाम व यांत्रिक साधनांना प्रथम पसंती दिली जाते. शस्त्रक्रिया करावी लागल्यास कोरोनॉइडेक्टमीचा किंवा शरीराच्या दुसऱ्या भागातून आणलेल्या, चांगला रक्तपुरवठा असलेल्या ऊतीचा आधार घेतला जातो. किरणोपचार सुरू होण्यापूर्वीच तोंड उघडण्याचे व्यायाम शिकवणे हा प्रतिबंधाचा भाग मानला जातो.

शस्त्रक्रियेनंतरचे व्यायाम

शस्त्रक्रियेनंतर जखम भरताना नवी व्रणऊती तयार होते आणि व्रणऊतीचा स्वभाव आकसण्याचा असतो. ती ताणलेल्या स्थितीत परिपक्व व्हावी हा व्यायामाचा उद्देश आहे. केवळ कोरोनॉइडेक्टमी झालेल्या रुग्णाला पहिल्या काही दिवसांतच व्यायाम सुरू करायला सांगतात. फ्लॅप किंवा त्वचारोपण केले असल्यास ते स्थिर होईपर्यंत काही दिवस थांबावे लागते.

व्यायामासाठी लाकडी चपट्या काड्यांची चळत दाढांमध्ये ठेवून तिच्यात एकेक काडी वाढवत जाणे ही सर्वात स्वस्त पद्धत आहे. काड्यांच्या संख्येवरून रुग्णाला स्वतःची प्रगतीही मोजता येते. याशिवाय स्क्रू फिरवून उघडणारे हाइस्टर यंत्र आणि हाताने दाबून चालणारी थेराबाइटसारखी साधने वापरली जातात. साधनाचा सर्व भार एकाच दातावर पडल्यास दात हलण्याची किंवा मोडण्याची शक्यता असते.

हे व्यायाम दिवसातून अनेक वेळा आणि किमान सहा महिने करावे लागतात. अनेक शल्यचिकित्सक ते वर्षभर चालू ठेवण्याचा सल्ला देतात. सुरुवातीचे आठवडे वेदनादायक असल्याने वेदनाशामक औषधे व्यायामाच्या थोडा वेळ आधी घेण्यास सांगितले जाते. अंतर नियमितपणे मोजून नोंदवले जाते, कारण ते दररोज थोडे थोडे कमी होत असल्यास रुग्णाच्या सहज लक्षात येत नाही.

गुंतागुंत आणि निष्पत्ती

संभाव्य गुंतागुंतींमध्ये जबड्यामागील रक्तवाहिन्यांतून होणारा रक्तस्राव, रक्ताची गाठ साचणे, संसर्ग, ओठ किंवा जीभ बधिर होणे, चेहऱ्याच्या मज्जातंतूला इजा, फ्लॅपचा भाग मृत होणे आणि कानशिलावर खळगा दिसणे यांचा समावेश होतो. सर्वात जास्त आढळणारे अपयश म्हणजे तोंड पुन्हा बंद होत जाणे. शस्त्रक्रियेच्या वेळी मिळालेले अंतर पुढील काळात काही प्रमाणात कमी होतेच; त्यामुळे मेजावर मिळालेल्या अंतरावरून अंतिम निष्पत्ती ठरवली जात नाही. व्यायाम अर्धवट सोडणे आणि सुपारीचे व्यसन पुन्हा सुरू होणे ही पुनरुद्भवाची प्रमुख कारणे आहेत.

सबम्यूकस फायब्रोसिसमध्ये शस्त्रक्रियेने तोंड उघडले तरी कर्करोगाचा धोका संपत नाही. केरळमधील एर्नाकुलम जिल्ह्यात ६६ रुग्णांचा १७ वर्षे मागोवा घेणाऱ्या आणि १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ७.६ टक्के रुग्णांना तोंडाचा कर्करोग झाल्याचे आढळले. तोंड उघडू लागल्यामुळे आतील भागाची नियमित तपासणी करता येणे आणि कर्करोग लवकर ओळखता येणे हा या शस्त्रक्रियेचा महत्त्वाचा लाभ आहे.

इतिहास

कोरोनॉइड प्रवर्धाच्या अतिवृद्धीचे पहिले वर्णन जर्मन शल्यचिकित्सक लांगेनबेक यांनी १८५३ मध्ये केल्याचे मानले जाते. १८९९ मध्ये जाकोब यांनी वाढलेला प्रवर्ध आणि गालाचे हाड यांच्यात तयार झालेल्या सांध्याचे वर्णन केले. ही स्थिती त्यांच्या नावाने ओळखली जाते.

सबम्यूकस फायब्रोसिसचे आधुनिक वैद्यकातील पहिले वर्णन श्वार्ट्झ यांनी १९५२ मध्ये केले. त्यांचे रुग्ण म्हणजे पूर्व आफ्रिकेतील केनियात राहणाऱ्या भारतीय वंशाच्या पाच स्त्रिया होत्या. १९५३ मध्ये मुंबईच्या जोशी यांनी भारतातील रुग्णांचे वर्णन करून त्याला 'सबम्यूकस फायब्रोसिस' हे नाव दिले.

प्रारंभी केवळ तंतुमय पट्टे कापले जात. परंतु त्यानंतर तोंड लवकरच पुन्हा बंद होई. १९८६ मध्ये कॅनिफ व सहकाऱ्यांनी टेम्पोरॅलिस स्नायूछेदन आणि कोरोनॉइडेक्टमीसह त्वचारोपणाची पद्धत मांडली. १९८७ मध्ये मुंबईच्या कावराना आणि भाठेना यांनी गंभीर हनुस्तंभात नाकाशेजारील त्वचेच्या फ्लॅपचा वापर प्रसिद्ध केला. १९९६ मध्ये ये यांनी गालातील मेदाच्या गोळ्याचा वापर सुचवला. वर्धा जिल्ह्यातील सावंगी येथील बोरले व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये नाकाशेजारील फ्लॅपच्या विस्तारित स्वरूपाचे अनुभव मांडले. या टप्प्यांमधून केवळ अस्तरावरील शस्त्रक्रियेचे स्वरूप बदलून स्नायू, कंडरा आणि पुनर्रचना यांचा एकत्रित विचार रूढ झाला.

महाराष्ट्रातील संदर्भ

महाराष्ट्रात या शस्त्रक्रियांची गरज प्रामुख्याने सुपारीयुक्त पदार्थांच्या सेवनामुळे निर्माण होते. विदर्भात सुपारी, तंबाखू आणि चुना यांचे 'खर्रा' हे मिश्रण, तर राज्याच्या इतर भागांत 'मावा', गुटखा आणि पानमसाला प्रचलित आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सुपारी ही स्वतःच मानवात कर्करोग निर्माण करणारी असल्याचे २००४ मध्ये जाहीर केले. त्यामुळे तंबाखू नसलेली सुपारी निरुपद्रवी असते, हा समज चुकीचा आहे. राज्य शासनाने २०१२ मध्ये गुटखा व पानमसाल्याच्या उत्पादनावर आणि विक्रीवर बंदी घातली.

मुखातील सबम्यूकस फायब्रोसिसमध्ये एकदा साचलेली तंतुमय ऊती व्यसन सोडल्यावरही पूर्णपणे विरघळत नाही. मात्र आजाराची पुढील वाढ रोखण्यास त्याची मदत होते. तिखट पदार्थ खाताना तोंडाची आग होणे, गालाचे आतील अस्तर पांढुरके व ताठ होणे, शिट्टी वाजवता न येणे किंवा जीभ पूर्ण बाहेर न निघणे ही सुरुवातीची लक्षणे आहेत. या टप्प्यावर सुपारी सोडून व्यायाम सुरू केल्यास बहुसंख्य रुग्णांमध्ये शस्त्रक्रियेची वेळ टाळता येते.